दोन दातांवर टांगलेला आवाज

आमच्या वन्सं माजघरातून ओटीवर येण्याआधी उंबऱ्याशी थांबत, भिंतीकडे तोंड करत आणि उजव्या हाताचा अंगठा तोंडात घालून टाळूवर दाबत. मग जीभ आतल्या आत एकदा फिरवायची, आवंढा गिळायचा, पदर सारखा करायचा आणि बाहेर पाऊल टाकायचे. लग्न होऊन मी पनवेलला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना प्रथम असे पाहिले. मला वाटले, घशात काही अडकले आहे. मी घाईने म्हटले, "वन्सं, पाणी देऊ का?" त्यांनी हात वर करून मला थांबवले. अंगठा काढला, गिळले आणि स्वच्छ, जराशा जड आवाजात म्हणाल्या, "थांब, झाकण बसू दे. मग काय ते विचार."

झाकण म्हणजे त्यांची कवळी. वन्संचे नाव द्वारका. माझ्या यजमानांच्या त्या थोरल्या बहीण. जन्मतःच त्यांचा वरचा ओठ दुभंगलेला होता आणि आत टाळूलाही फट होती. ओठ लहानपणीच मिशनच्या एका डॉक्टरांनी शिवला. त्याचा व्रण नाकापर्यंत गेलेला होता आणि तो ओठ कायम आवळल्यासारखा दिसे. टाळू मात्र तशीच उघडी राहिली. पाणी प्यायले तर नाकातून बाहेर येई. बोलायला गेल्या तर शब्दातला वारा फटीतून निघून जाई आणि 'पाणी'चे 'मानी' होई. सोळा-सतरा वर्षांच्या होईपर्यंत त्या घराबाहेर कोणाशी बोललेल्याच नव्हत्या. मग माझ्या सासऱ्यांनी त्यांना गिरगावातल्या एका दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी गडद लाल रबराची एक कवळी करून दिली. पुढे चार खोटे दात, आणि वर टाळूची फट बुजेल असा उंचवटा. ती तोंडात बसल्यावर वन्सं पहिल्यांदा स्पष्ट 'बाबा' म्हणाल्या, आणि सासरे दवाखान्यातच रडले, असे त्या सांगत. मी सासऱ्यांना पाहिले नाही. माझ्या लग्नाआधीच ते गेले होते.

त्या आवाजावर वन्संनी अभ्यास केला, सातवीच्या फायनलची परीक्षा दिली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. मी आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली होती आणि वन्सं तिशीच्या आसपास होत्या. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे असे. शाळेत त्यांचा दरारा होता. घरात मात्र त्या कोणाला विशेष दिसत नसत. पाहुणे आले की सासूबाई डोळ्यांनीच त्यांना आत जायला सांगत. जेवायला त्या सगळ्यांच्या शेवटी, एकट्या, स्वयंपाकघराच्या दाराआड बसत. मी एकदा त्यांच्याबरोबर ताट घेतले तर म्हणाल्या, "तू बाहेर जेव. माझं जेवण म्हणजे कसरत आहे. कसरतीला प्रेक्षक नकोत."

कवळी तोंडात टिकवणे हे त्यांच्या आयुष्याचे न संपणारे काम होते. वरच्या जबड्यात त्यांचे स्वतःचे धड असे दोनच दात उरले होते, दोन्ही बाजूंच्या दाढांपैकी एकेक. त्या दोन दाढांना तारेच्या कड्या अडकवून कवळी टांगलेली असे. आवळलेला ओठ तिला पुढून ढकली, वरची फट तिला चिकटू देत नसे, आणि खालून जीभ तिला सावरून धरी. शिंक आली की वन्संचा हात आधी तोंडाकडे जाई. मोठ्याने हसायचे नाही, जांभई द्यायची नाही, चिवड्यासारखे काही चारचौघांत खायचे नाही. बोलताना दर वाक्यागणिक जिभेने ती वर उचलायची. "लोक जिभेने बोलतात," त्या म्हणत, "माझी जीभ हमाली करते. वेळ मिळाला तर बोलते."

सासूबाईंनाही कवळी होती. म्हातारपणी सगळे दात गेल्यावर केलेली, वरची-खालची पूर्ण. ती घालून त्या सुपारी फोडत. "माझी कशी बसते?" त्या म्हणत. "हिचीच कशी रोज पडते? नखरे सगळे." वन्सं फक्त जीभ आत फिरवून गिळत.

माझ्या लग्नानंतर वर्षभरात पेणचे एक बिजवर वन्संना पाहायला आले. चाळिशीचे, सौम्य गृहस्थ, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. सासूबाईंनी आधीच बजावून ठेवले होते, "दोन शब्दांच्या वर बोलू नकोस. कवळीचं नंतर बघता येईल." वन्सं पोहे घेऊन ओटीवर आल्या, समोर बसल्या. गृहस्थांनी विचारले, "शाळेत काय शिकवता?"

वन्संनी पदराआड तोंड नेले, कवळी काढली आणि हातरुमालात घेऊन मांडीवर ठेवली. मग मान वर करून काहीतरी बोलल्या. त्यांचा तो उघडा आवाज मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. शब्द एकमेकांत मिसळून नाकातून येत होते. गृहस्थ गोंधळले. "माफ करा, मला कळलं नाही," ते म्हणाले.

वन्संनी शांतपणे कवळी परत बसवली. "मी म्हटलं, हा माझा मूळचा आवाज. आता ऐकताय तो शाळेतला. लग्न झालं की दोन्ही ऐकावे लागतील. चालेल का?"

गृहस्थांनी पोहे संपवले, विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांच्याकडून पुढे काही आले नाही. सासूबाई कित्येक दिवस वन्संशी बोलल्या नाहीत. माझ्याजवळ मात्र वन्सं एकदाच म्हणाल्या, "बरा माणूस होता गं. घाबरला, पण हसला नाही."

त्यानंतर त्या विषयाचे दार लागले ते लागलेच. आमची आळी वडाळे तळ्याजवळ होती. सकाळी घर ते शाळा, संध्याकाळी शाळा ते घर, मध्ये तळ्याचा काठ, एवढ्यात वन्संचे सगळे जग मावत होते. आणि ते जग दोन दाढांवर उभे होते हे फक्त त्यांनाच ठाऊक होते.

एका उन्हाळ्यात त्यांचा डावा गाल सुजला. विचारले तर म्हणाल्या, "उष्णता झालीय." मग चुलीपाशी फडके तापवून शेकताना मी त्यांना पाहिले. चेहरा पांढराफटक पडला होता. मी खोदून विचारले तेव्हा त्यांनी मला तोंड उघडून दाखवले. डावीकडच्या दाढेभोवती, तारेची कडी जिथे घट्ट बसत असे तिथेच, हिरडी पू होऊन फुगली होती.

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून."

"अहो, मग डॉक्टरांकडे का नाही गेलात?"

"डॉक्टर काय करेल? उपटेल. हा गेला की झाकण गेलं. झाकण गेलं की शाळा गेली. मग मी काय करायचं, विमल? तुमच्यात बसून भाजी निवडायची?"

त्यांनी माझ्याकडून वचन घेतले की कोणाला सांगायचे नाही. मी दोन दिवस पाळले. मग त्यांना ताप भरला, सूज डोळ्यापर्यंत चढली आणि मी यजमानांना सांगितले. गावातल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी दाढ काढायला सांगितले, नाहीतर विष अंगात पसरेल म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर वन्संनी दोन्ही हातांनी तोंड गच्च धरून ठेवले होते. यजमानांनी ते हात सोडवले. दाढ निघाली. ताप उतरला. आणि वन्संचा आवाज बंद झाला.

उरलेल्या एका दाढेवर कवळी एका बाजूने लोंबू लागली. तोंड उघडले की खाली येई. वन्संनी काय काय करून पाहिले! डिंकाची भुकटी टाळूवर लावली, मुंबईहून कवळी चिकटवायच्या पावडरीचा डबा आणवला, कापसाच्या वळ्या दाबल्या. दोन-तीन शब्द बरे जात आणि चौथ्याला सगळे कोसळे. एकदा ती घशाकडे सरकली आणि त्यांचा जीव गुदमरला. त्या दिवसापासून त्यांनी ती खुंटीवरच्या पिशवीत ठेवून दिली.

मग त्या खरोखरच आमच्यात बसून भाजी निवडू लागल्या. बोलणे आले की मला खुणावत. लहानपणीचा तो उघडा आवाज घरात कोणालाच कळत नसे. यजमानांनाही नाही. सख्खा भाऊ, पण तो सरळ माझ्या तोंडाकडे पाही. मला मात्र दिवसचे दिवस शेजारी बसून हळूहळू सगळे उमगायला लागले होते. त्या बोलत आणि मी तेच पुन्हा साध्या आवाजात सांगे. भाजीवालीला, शेजारणीला, सासूबाईंना. कधीकधी शब्द टोचेल असे वाटले की मी तो जरा गाळून पुढे देई. मला वाटे, घरात शांतता राहते.

एके दिवशी दुपारी सगळे जेवत असताना यजमान म्हणाले, "ताई, मी आज तुमच्या हेडबाईंना भेटून आलो. ताई आता येणार नाही म्हणून सांगून टाकलं. जागा अडवून ठेवण्यात काय अर्थ आहे?"

वन्सं दाराआडून उठून बाहेर आल्या. जोरजोरात बोलू लागल्या. यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "वन्सं म्हणतात, थोडं थांबायला हवं होतं."

वन्संनी हातातला तांब्या पाटावर आपटला. सगळे दचकले. माझ्याकडे बोट करून त्या पुन्हा बोलल्या. ते वाक्य माझ्यासाठी होते. "माझं बोलणं तू धुऊन वाळत घालतेस. जसं आहे तसं सांग." मग भावाकडे वळून त्यांनी आपले बोलणे सावकाश, एकेक शब्द वेगळा करून परत म्हटले.

या वेळी मी काही न गाळता सांगितले. "त्या म्हणतात, माझा दात उपटला, मी मेले नाही. उद्या विमलचा दात उपटला तर तिचं नाव रेशनकार्डातून काढून टाकशील का? माझी नोकरी तू कोणाला विचारून सोडलीस? बाबा असते तर आतापर्यंत मला गिरगावात घेऊन गेले असते. तू मला दोन महिने घरात बसवून ठेवलंस आणि माझा निकाल लावून आलास."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. यजमान माझ्याकडे असे पाहत होते की जणू हे मीच बोलले. मग त्यांची नजर पहिल्यांदा माझ्यावरून सरकून बहिणीकडे गेली. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "उद्या पहाटेच्या गाडीने जाऊ. विमल, तूही चल. नाहीतर डॉक्टरांना कळायचं कसं?"

एस.टी.ने मुंब्र्यावरून ठाण्याला आणि तिथून गिरगावात पोचलो. ज्यांनी पहिली कवळी केली तेच दंतवैद्य अजून बसत होते. खूप म्हातारे झाले होते, पण वन्संना ओळखले. तोंड पाहिले, जुनी कवळी हातात घेऊन फिरवली. यजमानांनी विचारले, "आमच्या आईची तर नुसती चिकटते. ताईंचीच का पडते?"

डॉक्टर म्हणाले, "ओला हात काचेवर दाबला तर चिकटतो ना? मध्ये हवा शिरली की सुटतो. तुमच्या आईची टाळू शाबूत आहे. यांच्या टाळूत वरूनच हवा येते. पुढून ओठ ढकलतोय. आणि आता धरायला दातही एकच. त्यात यांचा दोष काय?" वन्संनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत आमच्या घरातल्या एकाही माणसाला हे कोणी सांगितले नव्हते.

डॉक्टरांचा विचार असा होता की उरलेल्या दाढेला सोन्याची टोपी घालून ती भक्कम करायची, आणि नव्या कवळीचा वरचा उंचवटा फटीच्या आत थोडा चढवायचा, म्हणजे फटीच्याच कडेवर तो अडून राहील. त्यासाठी फटीचा अचूक साचा हवा. "साचा घेणं सोपं नाही," त्यांनी आधीच सांगितले. फटीत वर जाऊ नये म्हणून त्यांनी व्हॅसलीन लावलेल्या कापडाच्या पट्ट्या आत भरल्या आणि ओले प्लॅस्टर तोंडात दाबले. ते घट्ट झाल्यावर ओढले. निघेना. पुन्हा ओढले. एक पट्टी सरकली होती आणि प्लॅस्टर फटीत वर चढून तिथेच दगड झाले होते.

वन्संचे डोळे मोठे झाले. तोंड उघडे, पूर्ण भरलेले, आवाज काढायला जागाच नाही. नाकातून बारीक शिट्टीसारखा श्वास येत होता. यजमान दाराबाहेर निघून गेले. वन्संनी माझे मनगट असे धरले की बांगड्या आत रुतल्या. डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, श्वास मिळतोय. हळू घ्या. मी फोडून काढतो, पण तुम्ही हलायचं नाही. अजिबात नाही." मग बारीक छिन्नी आणि चिमटा घेऊन ते एकेक कपचा उडवू लागले. प्रत्येक ठोक्याला वन्संची पकड आवळे, पण मान तसूभर हलली नाही. डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होते.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्यासोबत रक्तही आले. वन्सं वाकून थुंकल्या, चूळ भरली. डॉक्टर तबकातले तुकडे जुळवून पाहत होते. "जुळतील असं वाटतं," ते पुटपुटले. वन्संनी तोंड पुसले आणि काही बोलल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

"त्या म्हणतात, नाही जुळले तर पुन्हा घ्या."

तुकडे जुळले. नवी कवळी आली, या खेपेला गुलाबी रंगाची. ती पहिल्यासारखी नव्हती. सकाळी छान बसे. दुपार झाली की सैल पडे. वन्संनी त्याप्रमाणे शाळा लावून घेतली. हेडबाई समंजस होत्या, त्यांनी जागा कोणाला दिलेली नव्हती. कविता, वाचन, बोलून शिकवायचे ते सगळे सकाळी. दुपारी गणित आणि शुद्धलेखन. पण घरात पुन्हा तेच सुरू झाले. उंबरा, अंगठा, दाराआडचे जेवण. एकदा शाळेतून येऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "विमल, तोंडात एक तुरुंग आणि बाहेर एक. दोन्हीकडे मीच पहारा देते."

दोन-तीन वर्षांनी स्कूल बोर्डाने त्यांची बदली करंज्याला केली. उरणच्या पुढचे ते कोळ्यांचे बंदर. तिकडे जायला शिक्षिका तयार नसत. बदली आली की वन्सं नोकरी सोडतील असे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. त्यांनी ट्रंक भरायला घेतली. सासूबाई चिडल्या. "एकटी बाईमाणूस. तिथे तुझं कोण ऐकणार?"

"इथे कोण ऐकतं?" वन्सं म्हणाल्या. ती सकाळची वेळ होती, कवळी पक्की बसलेली होती आणि शब्द अगदी स्वच्छ आले.

मी वर्षातून एकदा-दोनदा त्यांच्याकडे जात असे. शाळेजवळ एका कोळ्याच्या घराची पडवी त्यांनी भाड्याने घेतली होती. अंगणात सुकत घातलेले बोंबील, दारात जाळी. पहिल्यांदा गेले तेव्हा शाळा सुटून त्या घरी आल्या होत्या. कवळी काढून वाटीत ठेवलेली, आणि शेजारची धाकलीबाई नावाची बाई जाळे विणत त्यांच्याशी गप्पा मारत बसलेली. वन्सं त्याच उघड्या आवाजात काहीतरी सांगत होत्या, हातवारे करत होत्या, आणि धाकलीबाई मध्येच "आसं कसं, बाई!" म्हणून हुज्जत घालत होती. मी सवयीने वन्संचे एक वाक्य तिला समजावून सांगायला गेले. तिने माझ्याकडे नवलाने पाहिले.

"मला सांगतंस कशाला? मी आयकतंय ना."

वन्सं उन्हाळ्याच्या सुट्टीतही पनवेलला येईनाशा झाल्या. मी आग्रह केला तर म्हणत, "इथे संध्याकाळी तरी जिभेची हमाली सुटते. तिथे येऊन परत ओझं कोण उचलणार?" सकाळी शाळेत मात्र त्या कवळी घालूनच जात. शेवटपर्यंत. त्या दाढेवरची सोन्याची टोपी झिजली होती, पण दाढ टिकून होती.

त्या गेल्या तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती. न्यूमोनिया झाला आणि चार-पाच दिवसांत आटोपले. निरोप घेऊन करंज्याचा एक माणूस आला. यजमान आणि मी पोचलो तेव्हा सगळे गाव पडवीसमोर जमले होते. होड्या दर्यावर गेल्या नव्हत्या. शाळेतल्या मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. यजमानांनी अग्नी दिला.

परत आल्यावर धाकलीबाईने आम्हाला चहा करून दिला. शेवटच्या दिवसांत वन्संपाशी तीच होती. यजमानांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारले, "ताई शेवटी काही बोलली का?"

"बोलली ना. लय बोलत व्हती." धाकलीबाईने डोळे पुसले. "पोरींची परीक्षा हाय, माज्यासाठी सुट्टी घेऊ नका म्हनली. भावाला सांग, रागावली नाय म्हनून. आनि मला म्हनली, तू आता घरा जा, मी पडतंय जराशी."

"एवढं सगळं तुम्हाला कळलं?" यजमान म्हणाले. "म्हणजे तेव्हा कवळी होती तिच्या तोंडात?"

"नाय," धाकलीबाई म्हणाली. "ती कशाला?"